बंद घरांची देखभाल करणारं ॲप (गोवा): कमिशन, वर्गणी की चौकशीमागे पैसे?

पर्वरीकर विचारतात:

नमस्कार. गोव्यातल्या बंद घरांसाठी एक प्लॅटफॉर्म उभा करायचा आहे. एका बाजूला घरमालक, म्हणजे मुंबई-पुण्याला, आखातात, लंडन-लिस्बनला राहणारे. दुसऱ्या बाजूला एसीवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, शाकारणी करणारे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारे, नारळ पाडायला पाडेली. सुरुवात बार्देश तालुक्यात, मग तिसवाडी. ॲप तयार आहे, कारागीरही जोडले जाताहेत. अडलंय ते पैसे कुठून घ्यायचे इथे.

समोर चार पर्याय आहेत. प्रत्येक कामावर सरसकट १५ टक्के कमिशन. कारागिराकडून महिन्याला ५०० रु. वर्गणी. ग्राहकाचा नंबर दिला की कारागिराकडून ४० रु. किंवा मालकाकडून वर्षाचं पॅकेज.

पैसे नेमके कोणत्या बाजूने घ्यावेत? मालक आणि कारागीर एकदा ओळखीचे झाले की आपल्याला वगळून परस्पर काम करतात, ती गळती कशी थांबवायची? जीएसटी कमिशनवर लागतो की सगळ्या रकमेवर? पाऊस संपल्यावर कामं कमी होतात, तेव्हा काय? कृपया आकड्यांसकट सांगा.

मिरामार_नोंद यांचं उत्तर:

चारही पर्याय एकाच तराजूत घालू नका. आधी कामं वेगळी करा. एसी सर्व्हिसिंग, नळ गळणं, पंप बंद पडणं ही लहान आणि परत परत येणारी. शाकारणी, वॉटरप्रूफिंग, रंगकाम ही मोठी आणि काही वर्षांतून एकदा येणारी. आणि तिसरं म्हणजे घरावर नजर ठेवणं, जे कोणताही कारागीर करत नाही. पैसे तिसऱ्यात आहेत. बहुतेक जण पहिल्यात शोधतात.

पहिल्याचं गणित मांडून बघा. आकडे उदाहरणादाखल धरलेत, आपले घालून पडताळा. एसी सर्व्हिसिंग ६०० रु., १५ टक्क्यांनी कमिशन ९०. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले तर पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचे) २ टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून साधारण १५. वेळ ठरवणं, कारागीर उशिरा आला म्हणून फोन, काम झाल्यावर फोन यात समन्वयकाची २० मिनिटं जातात. पगार २०,००० धरला तर २६ दिवस आठ तासांच्या हिशेबाने तासाला ९६, म्हणजे इथे ३२ गेले. बारातल्या एका कामाला परत जावं लागतं असं धरा आणि त्या फेरीचे २५०, तर दर कामामागे २१. हातात राहिले २२ रुपये. पहिल्या ऑर्डरवर १०० रु. सूट दिली असेल तर ती भरून निघायला त्याच ग्राहकाची पाच कामं हवीत. वर्षाला दोन सर्व्हिसिंग धरली तर अडीच वर्षं लागली, आणि तेवढ्यात त्याच्याकडे एसीवाल्याचा नंबर गेलेला असतो. यूपीआयने पैसे आले तर गेटवेचा खर्च वाचू शकतो, कारण जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर व्यापारी शुल्क शून्य आहे. पण गेटवे कंपनी स्वतःची फी लावते का ते करारात वाचा.

दुसऱ्या प्रकारात सरसकट टक्का उलटा पडतो. शाकारणी ४०,००० ची असेल तर १५ टक्के म्हणजे ६,०००. एवढी रक्कम दिसली की मालक आणि मिस्त्री दोघांनाही तुम्हाला वगळावंसं वाटणारच, हा साधा हिशेब आहे. म्हणून उतरता दर ठेवा: पहिल्या २,००० रुपयांवर १५ टक्के, त्यापुढे ५०,००० पर्यंत ६ टक्के, त्यावर ३ टक्के. ४०,००० च्या कामावर २,५८० होतात. शिवाय मोठ्या कामाआधी पाहणीचे ५०० रु. मालकाकडून वेगळे घ्या आणि ते बिलातून वळते करू नका. पाहणीला जाणारा माणूस गच्ची चौरस मीटरमध्ये मोजून देतो, भेगांचे आणि पन्हळीचे फोटो देतो, तेव्हा मालकाला तीन मिस्त्रींचे दर सारख्या मापावर मिळतात. हे काम तुमचं आहे, त्याचे पैसे तुम्हालाच मिळायला हवेत.

चौकशीमागे ४० रु. हा पर्याय इथे नकोच. तोच नंबर पाच जणांना गेला की चार जणांचे पैसे वाया जातात, आणि दोन महिन्यांत चांगले कारागीर आधी सोडून जातात, कारण त्यांना काम तसंही मिळतं.

कोणत्या बाजूने घ्यायचे यावर ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल यांनी २००३ मध्ये दोन बाजूंच्या बाजारपेठांबद्दल जे मांडलं ते इथे थेट लागू पडतं. एकूण फी किती याइतकंच ती दोन बाजूंत कशी वाटली हे महत्त्वाचं. जी बाजू आणायला कठीण आणि जिच्यामुळे दुसरी येते, तिच्यावर भार कमी. तुमच्याकडे ती बाजू म्हणजे वेळेवर येणारा कारागीर. मे महिन्यात बार्देशात चांगला शाकारणीवाला मिळणं कठीण, मालक मिळणं नाही.

हिशेबनीस_फोंडा यांचं उत्तर:

कराचा भाग सांगतो. तो आधी ठरवला नाही तर वरचं सगळं गणित बदलतं.

प्लंबिंग, सुतारकाम अशा घरदेखभालीच्या सेवा ॲपमधून दिल्या आणि कारागीर जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली, म्हणजे सेवांसाठी वर्षाला २० लाखांखाली असला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे कर भरायची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर येते. तोही कमिशनवर नाही, कामाच्या पूर्ण रकमेवर. दर ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता). म्हणजे ६०० च्या कामाचे ३० रु. ग्राहकाकडून घेऊन तुम्ही भरायचे. हे देणं क्रेडिटमधून वळतं करता येत नाही, रोखीच्या खात्यातूनच जातं. आणि ९(५) लागू झालं की तुमच्यासाठी २० लाखांची सूट नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी.

कमिशनवर १८ टक्के वेगळे. ९० रु. कमिशनवर १६.२० कारागिराकडून घ्यावे लागतात, आणि नोंदणी नसल्याने त्याला त्यांचं क्रेडिट मिळत नाही. त्याच्या दृष्टीने तुमचं कमिशन १५ नव्हे, १७.७ टक्के आहे. त्याच्याशी बोलताना हाच आकडा सांगा. पहिल्या महिन्याच्या हिशेबात तो स्वतः शोधून काढतो आणि विश्वास तिथेच उडतो.

एसी दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, शाकारणी यातलं काय या 'घरदेखभाली'त बसतं हे आपल्या सीएकडून कामाच्या प्रकारानुसार लेखी घ्या. नोंदणीकृत कंत्राटदार असेल तर ९(५) नाही, तिथे कलम ५२ खाली टीसीएस (त्याच्या रकमेतून प्लॅटफॉर्मने कापून सरकारला भरायचा जीएसटी) कापायचा. तो १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.५ टक्के झालाय. त्याची वेगळी नोंदणी लागते आणि जीएसटीआर-८ हे विवरणपत्र दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचं असतं.

प्राप्तिकराचं वेगळं. ई-कॉमर्स चालवणाऱ्याने विक्रेत्याच्या एकूण रकमेवर टीडीएस (आधीच कापून भरायचा प्राप्तिकर) कापायचा; १९६१ च्या जुन्या कायद्यात हे कलम १९४-ओ होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर ०.१ टक्के. व्यक्ती असेल, वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापायचा नाही. दोन्ही दिलं नसेल तर ५ टक्के. म्हणून कारागीर जोडतानाच पॅन घ्या. ग्राहकाने पैसे कारागिराच्या हातात दिले तरी ती रक्कम तुमच्यामार्फत दिली असंच धरलं जातं.

कारागिराच्या वर्गणीबद्दल. बंगळुरूच्या नम्मा यात्री या रिक्षा ॲपने रिक्षावाल्यांकडून दिवसाला २५ रु. घ्यायची पद्धत रुळवली, त्यामुळे सगळ्यांना ते सोपं वाटतं. रिक्षावाल्याला दिवसाला कित्येक भाडी मिळतात, म्हणून ते चालतं. बार्देशातल्या प्लंबरला तुमच्याकडून आठवड्याला तीन कामं मिळत असतील तर महिन्याचे ५०० तो दोन महिने देईल, मग थांबेल. शिवाय फक्त वर्गणी घेणाऱ्या टॅक्सी ॲपांना ९(५) लागतं की नाही यावर कर्नाटकाच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने (कर लागतो का हे आधीच विचारता येतं ती सरकारी यंत्रणा) एका ॲपला नाही म्हटलं आणि दुसऱ्याला हो. वर्गणीने हा कर चुकेल असं गृहीत धरून दर ठरवू नका.

आणखी एक मुद्दा, याकडे खूप दुर्लक्ष होतं. ग्राहकाचे पैसे आपल्या चालू खात्यात जमा करून मग कारागिराला वाटणं टाळा. दुसऱ्यांचे पैसे गोळा करून वाटणं हे पेमेंट ॲग्रिगेटरचं काम आहे, त्यावर मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. अर्ज करतानाच १५ कोटींची नक्त मालमत्ता लागते. परवानाधारक गेटवेची विभागून जमा करण्याची सोय वापरा: कमिशन तुमच्या खात्यात, बाकी थेट कारागिराच्या.

म्हापशेकार यांचं उत्तर:

गळतीबद्दल. नंबर लपवून गळती थांबत नाही. कारागीर घरात एक तास असतो, नंबर देतोच. मालकाने तुमच्याकडे परत यावं यासाठी कारागीर एकटा देऊ शकत नाही असं काहीतरी तुमच्याकडे हवं.

बंद घराच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे चावी. लिस्बनला बसलेल्या मालकाकडे एसीवाल्याचा नंबर असला तरी दार कोण उघडणार? चावी सांभाळणं हाच या धंद्याचा पाया आहे, म्हणून ते नीट करा. चावीच्या पाकिटावर घराचा पत्ता नको, फक्त क्रमांक. पत्ता आणि क्रमांकाची जोडी वेगळ्या यादीत, वेगळ्या माणसाकडे. चावी बाहेर जाताना आणि परत येताना वेळ आणि दोन सह्या. कारागिराच्या हातात चावी कधीच द्यायची नाही, आपला माणूस दार उघडतो आणि काम संपेपर्यंत थांबतो.

मग भेट. बंद फ्लॅटला ४५ मिनिटं लागतात. सगळ्या खिडक्या उघडायच्या. प्रत्येक नळ सोडायचा, फ्लश करायचा आणि न्हाणीघरातल्या जाळीत पाणी ओतायचं. तिथल्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या पाइपच्या वळणातलं) पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, आणि मालकाला वाटतं पाइप फुटलाय. प्रत्येक एसी १५ मिनिटं चालवायचा, किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल खाल्ली जाते तिचा फोटो. आरसीसीबीचं (विजेचा धक्का टाळणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबायचं. दाराच्या चौकटी वाळवीसाठी ठोकून बघायच्या, कपाटं भिंतीपासून ओढून मागे बुरशी आहे का बघायचं. पावसात गच्चीच्या पाण्याच्या तोंडातली पानं काढायची. हे एक काम चुकलं तर गच्ची तळं होते आणि खालच्या खोलीचं छत जातं. सगळ्याचे वेळ छापलेले फोटो त्याच दिवशी मालकाला.

याचं गणित. कोरडे आठ महिने एक भेट, पावसाळ्याचे चार महिने दोन, वर्षाला १६. माणसाचे दिवसाला ८०० आणि पेट्रोल १५० धरा. घरं पर्वरी, सुकूर, साल्वादोर द मुंद अशी लागून असली तर दिवसाला सहा भेटी होतात, भेटीला १५८. तीच हळदोणे, शिवोली, हणजूण अशी विखुरली तर तीनच होतात, भेटीला ३१७. पॅकेज ९,००० अधिक जीएसटी धरलं आणि अहवालाचे २५६ वजा केले, तर पहिल्यात घरामागे ६,२०० उरतात, दुसऱ्यात ३,६७० च्या आसपास. वर सांगितलेल्या २२ रुपयांशी ताडून बघा: जवळ असलेलं एक घर म्हणजे एसीची २८० सर्व्हिसिंग.

ऑफिस, पगार, ॲप मिळून महिन्याला दीड लाख स्थिर खर्च असेल तर जवळजवळच्या घरांत २९० पॅकेजांवर खर्च निघतो, विखुरलेल्यांत ४९० लागतात. म्हणून तालुका नव्हे, गाव धरून वाढा. एका गावात ४० घरं होईपर्यंत पुढचं गाव उघडू नका. काणकोण किंवा वाळपईसारख्या दूरच्या ठिकाणाहून कोणी विचारलं तर नाही म्हणायला शिका, किंवा प्रवासाचा वेगळा दर लावा.

पर्वरीकर:

तिघांचेही मनापासून आभार. हे खूप उपयोगी आहे. म्हणजे पॅकेज हा कणा, लहान कामांवर थोडं आणि मोठ्यांवर उतरतं कमिशन, कारागिराला प्रवेश फुकट. आणखी तीन शंका. दुरुस्त्या पॅकेजमध्येच धरायच्या का? मालकाकडून १०,००० रु. आगाऊ ठेव घेऊन त्यातून कारागिरांना पैसे दिले तर चालेल का? आणि वडिलोपार्जित घर असेल तर पैसे कोणाकडे मागायचे?

हिशेबनीस_फोंडा:

पर्वरीकरबाब, ठेवीतून त्रयस्थ कारागिरांना पैसे दिले तर ते प्रीपेड वॉलेट ठरतं. फक्त स्वतःच्या सेवेसाठी वापरायचं वॉलेट परवान्याशिवाय चालतं, दुसऱ्यांना पैसे द्यायचं नाही. त्याऐवजी प्रत्येक दुरुस्तीला पेमेंटची लिंक पाठवा.

पॅकेज ही तुमची स्वतःची सेवा आहे. तिथे १८ टक्के, क्रेडिट मिळतं, ९(५) चा प्रश्न नाही. पण सेवेत आगाऊ रकमेवरचा जीएसटी पैसे आले की लागतो. एप्रिलमध्ये ९,००० अधिक जीएसटी घेतले तर १,६२० लगेच पुढच्या महिन्यात गेले. उरलेले ९,००० बारा भागांत उत्पन्न म्हणून धरा आणि वेगळ्या खात्यात ठेवा. एप्रिल-मेचे पैसे त्याच महिन्यांत जाहिरातीवर गेले की ऑगस्टमध्ये, भेटी दुप्पट असताना, पगाराला पैसे नसतात. या धंद्यात सर्वांत जास्त याच कारणाने गोत्यात येतात.

मालक परदेशात आहे म्हणून ही निर्यात होत नाही. सेवा गोव्यातल्या घराशी निगडित आहे, म्हणून कर इथेच. आखातातल्या, लंडनच्या मालकांना एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यावरून परदेशी नंबरवर यूपीआय चालू शकतं, पण जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या दहा देशांत पोर्तुगाल नव्हता. तिथल्यांसाठी परदेशी कार्डाचा मार्ग ठेवा, त्याचा खर्च साधारण ३ टक्के धरा. आपोआप नूतनीकरण ठेवायचं असेल तर १५,००० रु. पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण किमान २४ तास आधी सूचना जावी लागते.

मिरामार_नोंद:

दुरुस्त्या पॅकेजमध्ये घालू नका. जुनी कौलारू घरं असलेलेच आधी घेतील आणि पहिल्या पावसात पॅकेज तोट्यात जाईल. त्याऐवजी 'न विचारता करायची' मर्यादा लिहून घ्या, समजा १,५०० रु. तुटलेला नळ, गेलेला एमसीबी (विजेचा सुरक्षा स्विच) लगेच बदलायचा, फोटो आणि बिल पाठवायचं. त्यावर गेलं की आधी मंजुरी. मध्यरात्री लंडनहून उत्तर यायची वाट बघत बसण्यात पाण्याने भरलेली खोली जास्त महाग पडते.

वडिलोपार्जित घराचं उत्तर: करार करताना एकच अधिकृत व्यक्ती, लेखी. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, त्यावर भावंडांचे हिस्से. एका भावाने छताचं काम सांगितलं आणि दुसऱ्याने पैसे अडवले तर मिस्त्री तुमच्याच दारात येतो. ५०,००० च्या वरच्या कामाला बाकी हिस्सेदारांची संमती ईमेलने मागा. आणि कोणी 'घर रिकामं आहे, पर्यटकांना देता का' म्हणालं तर पर्यटन खात्याकडची नोंदणी बघितल्याशिवाय त्यात पडू नका, १९८२ च्या कायद्याप्रमाणे ती लागते.

दर दाखवताना पाहणी फी, कमिशन, कर, सगळं पहिल्याच पडद्यावर. शेवटच्या पायरीला प्लॅटफॉर्म फी उगवणं, आधीच टिक केलेला विमा, बंद करता न येणारी वर्गणी हे सगळं ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या १३ डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांच्या) यादीत आहे. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो, त्याला एक माणूस नेमलेला हवा.

म्हापशेकार:

हंगामाचं राहिलं होतं. २९० घरांना पावसात महिन्याला ५८० भेटी, म्हणजे चार माणसं. कोरड्यात २९० भेटी, दोन पुरतात. उरलेल्या दोघांना फेब्रुवारी-मार्चमध्ये छतांच्या पाहणीवर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी-नाताळाआधीच्या साफसफाईवर लावा, त्याचे वेगळे पैसे घ्या. मे महिन्यात शाकारणीचे दर वाढवू नका, फेब्रुवारीत बुक करणाऱ्याला सूट द्या. मिस्त्रीचा मार्च भरतो आणि मेमधली ओढाताण कमी होते.

वॉटरप्रूफिंगचे १० टक्के १५ जुलैपर्यंत राखून ठेवा, गळती सलग पावसातच कळते. हे मिस्त्रीला कामाआधी लिहून द्या, तारखेसकट. रक्कम गेटवेच्या राखीव सोयीत किती दिवस ठेवता येते ते आधी विचारा. तेवढे दिवस चालत नसेल तर मालकाने तो शेवटचा हप्ता १५ जुलैला लिंकवरून भरायचा. आणि पाऊस पडल्यावर दोन दिवसांत आपला माणूस ती गच्ची बघून आला पाहिजे, नाहीतर मिस्त्रीचे पैसे आपल्या आळसामुळे अडकतात आणि पुढच्या वर्षी तो येत नाही.